अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या मेसॉनिक लॉजचा इतिहास साताऱ्यात बसून कसा काढावा

साताऱ्या-सांगलीकडची मंडळी मुलांकडे अमेरिकेला सहा-सहा महिने राहायला जातात. मुलगा राहतो मोठ्या शहरात, पण सुट्टीच्या दिवशी गाडी एखाद्या छोट्या गावातून जाते आणि मुख्य रस्त्यावर विटांची दुमजली इमारत दिसते. खाली औषधांचं नाहीतर न्हाव्याचं दुकान, वर उंच अरुंद खिडक्या, आणि माथ्यावर दगडात कोरलेला गुण्या आणि कंपास, बहुतेकदा मध्ये इंग्रजी ‘जी’. फोटो काढला जातो आणि फोनमध्ये पडून राहतो. त्या एका फोटोच्या आधारावर त्या गावाचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उलगडता येतो, आणि बराचसा घरी बसून.

आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडजवळची उतरायची जागा डोळ्यांपुढे येते. इथे लॉज म्हणजे फ्रीमेसन, किंवा नुसतं मेसन, या गवंडीकामाची चिन्हं वापरणाऱ्या जुन्या बंधुभावाच्या संघटनेची गावातली शाखा. ती जिथे भरते त्या जागेलाही बोलण्यात लॉजच म्हणतात. आणि सुरुवातीलाच डोक्यातून काढून टाकायची ती गुपिताची भानगड. मेसनांनी गुप्त ठेवलं ते विधींपुरतं: ओळखीच्या खुणा, परवलीचे शब्द, दीक्षेचा तपशील. सभासद किती होते, वर्गणी कोणाची थकली, कोण वारलं, कोणाला काढून टाकलं, हे तर त्यांनी दरवर्षी छापून ठेवलं. ज्याला आपल्या साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल नीट वाचता येतो, त्याला लॉजचा इतिहास काढता येतो. गुपिताच्या मागे लागणारा माणूस दोन वर्षांनीही तिथेच असतो. कागदाच्या मागे लागणाऱ्याला दोन महिन्यांत चाळीस-पन्नास वर्षांचा पट दिसायला लागतो.

आधी एवढी पार्श्वभूमी हवी

लंडनमध्ये २४ जून १७१७ रोजी चार लॉजनी एकत्र येऊन पहिला ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवर देखरेख करणारी वरची संस्था, स्थापला, असं परंपरेनं मानलं जातं. १७२३ मध्ये त्याची घटना छापली गेली, आणि १७३४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं तीच फिलाडेल्फियात पुन्हा छापली. त्याच्या आदल्या वर्षी, १७३३ मध्ये, बोस्टनमध्ये हेन्री प्राइसनं अधिकारपत्र घेऊन काम सुरू केलेलं होतं. जॉर्ज वॉशिंग्टनला व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये ४ नोव्हेंबर १७५२ ला पहिली पदवी, म्हणजे सभासदत्वाच्या तीन पायऱ्यांतली पहिली, मिळाली. आपल्याकडे लॉज आले ते मुख्यतः इंग्रजांच्या छावण्या आणि कचेऱ्यांबरोबर. अमेरिकेत मात्र ते वस्तीबरोबर पश्चिमेकडे सरकत गेले. चर्च, शाळा, गिरणी आणि लॉज, चारही एकाच दहा-वीस वर्षांत उभे राहिलेले पुष्कळ गावांत सापडतात.

संशोधनाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची बाब अशी की अमेरिकेत राष्ट्रीय ग्रँड लॉज नाही. भारतात १९६१ पासून ग्रँड लॉज ऑफ इंडिया आहे. तिकडे प्रत्येक राज्याचा ग्रँड लॉज स्वतंत्र, आणि राजधानीचा वेगळा, असे ५१. नियम वेगळे, छापील अहवालांची मांडणी वेगळी, वर्ष कधी संपतं तेही वेगळं. म्हणून ‘अमेरिकन मेसॉनिक रेकॉर्ड’ असं शोधून हाती काही लागत नाही. राज्य पक्कं करूनच पुढे जायचं.

फोटो वाचणे

फोटो मोठा करून चार गोष्टी टिपून घ्या: लॉजचं नाव, क्रमांक, इमारतीवरचं साल आणि चिन्ह. कोनशिला असेल तर ती बहुधा ईशान्य कोपऱ्यात असते, कारण मेसॉनिक पद्धतीत पायाचा दगड ईशान्येला बसवतात आणि त्यावर धान्य, द्राक्षमद्य आणि तेल वाहतात. वास्तुपूजा आणि पायाभरणी पाहिलेल्या माणसाला हे चटकन लक्षात राहील.

कोनशिलेवर दोन सालं असतील तर गोंधळू नका. मेसन लोक इसवी सनात ४००० मिळवून ‘प्रकाशवर्ष’ लिहितात, त्याआधी ‘ए.एल.’ (लॅटिन ‘ॲनो ल्युसिस’) ही अक्षरं असतात. ए.एल. ५८७७ म्हणजे इ.स. १८७७. पण पहिल्या तीन पदव्यांनंतर ज्यांत जाता येतं त्या वरच्या मंडळांचे हिशेब निराळे आहेत. रॉयल आर्च चॅप्टर ५३० मिळवतं, क्रिप्टिक कौन्सिल १००० मिळवतं, स्कॉटिश राइट ३७६० मिळवतं, आणि नाइट्स टेम्प्लर उलट १११८ वजा करतात. दगडावर ७५९ सारखा छोटा आकडा दिसला तर तो घर क्रमांक समजून सोडून देऊ नका. १११८ मिळवून बघा, १८७७ येतं.

चिन्हांत सगळ्यात जास्त चूक होते. तीन जोडलेल्या कड्या दिसल्या तर ती इमारत मेसनांची नव्हे, ऑड फेलोजची. ही वेगळी संघटना १८१९ पासून अमेरिकेत आहे. पाच टोकांचा, टोक खाली असलेला तारा म्हणजे ईस्टर्न स्टार, जिथे मेसनांच्या घरातल्या स्त्रिया सभासद असत. दुतोंडी गरुड स्कॉटिश राइटचा. कमानीच्या मधल्या दगडाचा आकार आणि त्यावर गोलात आठ अक्षरं म्हणजे रॉयल आर्च. मुकुटातून आरपार गेलेला क्रूस म्हणजे नाइट्स टेम्प्लर. दफनभूमीत तोडलेल्या झाडाच्या बुंध्याच्या आकाराचं थडगं दिसलं की पुष्कळजण त्याला मेसॉनिक ठरवतात. ते बहुतेकदा वुडमन ऑफ द वर्ल्ड या १८९० च्या विमा-संघटनेच्या सभासदाचं निघतं.

साधा गुण्या-कंपास असेल तरच तो गावचा मूळ लॉज, म्हणजे पहिल्या तीन पदव्यांचा. पदाधिकाऱ्यांच्या गळ्यातली चिन्हंही गवंड्याच्या पिशवीतलीच आहेत: मास्टरचा, म्हणजे लॉजच्या प्रमुखाचा, गुण्या, त्याच्या खालच्या सीनियर वॉर्डनची लेव्हल, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा. खजिनदाराला फुलीसारख्या दोन किल्ल्या, सेक्रेटरीला फुलीसारखी दोन पिसं. जुन्या समूहफोटोत चेहरे ओळखता आले नाहीत तरी या चिन्हांवरून कोण कुठल्या पदावर होतं ते सांगता येतं. मग अहवालातल्या पदाधिकाऱ्यांच्या यादीशी जुळवून फोटोचं सालही ठरवता येतं. हा खटाटोप नक्की करावा. नुसत्या फोटोला इतिहासात जागा मिळते ती इथे.

क्रमांकाचा घोळ

एका लॉजला जन्मतारखा दोन असतात. आधी ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचा प्रमुख, तात्पुरती परवानगी देतो. त्या काळात नावापुढे ‘यू.डी.’ (अंडर डिस्पेन्सेशन) लिहितात आणि क्रमांक नसतो. पुढच्या वार्षिक अधिवेशनात काम पसंत पडलं तर सनद आणि क्रमांक मिळतो. इमारतीवर एक साल, गावच्या स्मरणिकेत दुसरं, असं दिसलं की लोक भांडायला लागतात. दोन्ही बरोबर असतात. आपल्या टिपणात ‘परवानगी’ आणि ‘सनद’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.

त्याहून मोठा घोळ राज्यांच्या जन्माचा. नवं राज्य झालं की जुन्या राज्यानं दिलेल्या सनदा बदलून घेतल्या जात. केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या लॉजला १७८८ मध्ये व्हर्जिनियानं क्र. २५ दिला होता. १८०० मध्ये केंटकीचा स्वतंत्र ग्रँड लॉज झाला आणि तोच लॉज क्र. १ झाला. कॅस्कॅस्कियाच्या लॉजला १८०६ मध्ये पेनसिल्व्हेनियानं क्र. १०७ दिला, आणि गाव मात्र आजच्या इलिनॉयमधलं. त्या इलिनॉयमध्ये तर १८२२ चा पहिला ग्रँड लॉज काही वर्षांत बंद पडला, १८४० मध्ये दुसरा उभा राहिला आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले. म्हणून नुसता क्रमांक लिहू नका. ‘राज्य, क्रमांक, साल’ हे त्रिकूट एकत्रच लिहायचं.

विलीनीकरण हा तिसरा प्रकार. सभासद घटले की दोन-तीन लॉज एक होतात. कधी नाव एकाचं आणि क्रमांक दुसऱ्याचा राहतो. बंद पडलेल्या लॉजची सनद ग्रँड लॉजकडे परत जाते आणि दप्तर सहसा ज्यात विलीन झाला त्या लॉजकडे. आज ज्या गावात लॉजच नाही, त्या गावचं इतिवृत्त तीस मैलांवरच्या गावातल्या कपाटात असू शकतं. त्याचा पत्ता विलीनीकरणाच्या वर्षाच्या अहवालातून मिळतो.

वार्षिक अहवाल: खरं काम इथे आहे

प्रत्येक ग्रँड लॉज वार्षिक अधिवेशनाचा अहवाल छापत आला आहे. इंग्रजीत त्याला ‘प्रोसीडिंग्ज’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले शेकडो खंड गूगल बुक्स, इंटरनेट अर्काइव्ह आणि हॅथीट्रस्ट या तीन ठिकाणी स्कॅन करून ठेवलेले आहेत. हॅथीट्रस्टवर एक अडचण येते: भारतातून उघडलं की बरेच नंतरचे खंड बंद दिसतात, आणि तेच खंड अमेरिकेतून उघडतात. तेव्हा आधी इंटरनेट अर्काइव्हवर बघा; तिथे नसेल तर तिकडच्या मुलाला किंवा सुनेला नेमका खंड आणि पान सांगून उतरवून घ्या. ‘सगळं पाठव’ असं सांगितलं तर काहीच येत नाही.

शोधपट्टीवर विसंबू नका. जुन्या छपाईचं यंत्रानं केलेलं वाचन कच्चं असतं; गावाचं नाव तुटतं, क्रमांकातला ३ चा ८ होतो. खंड उघडायचा, शेवटच्या भागात जायचं, आणि लॉजवार तक्ते हातानं चाळायचे. क्रमांकानुसार लावलेले असतात, त्यामुळे दहा मिनिटांत आपला लॉज सापडतो. अनेक राज्यांच्या जुन्या खंडांत सभासदांची नावनिशीवार यादीही असते.

आता तक्त्याची एक ओळ जवळून बघू. डावीकडून साधारण असे रकाने असतात: पहिली पदवी मिळालेले, दुसरी मिळालेले, तिसरी मिळालेले, दुसऱ्या लॉजमधून आलेले, पुन्हा घेतलेले, दाखला घेऊन गेलेले, निलंबित, काढून टाकलेले, मयत, अर्ज नाकारलेले, एकूण. सभासद म्हणून सहसा फक्त तिसरी पदवी मिळालेले, म्हणजे मास्टर मेसन, धरतात. त्यामुळे पहिल्या दोन रकान्यांची बेरीज करायची नाही. उदाहरणादाखल, गेल्या वर्षी ६२ सभासद होते. तिसरी पदवी ५, बाहेरून आलेले २, पुन्हा घेतलेला १, म्हणजे ७०. दाखला घेऊन गेलेले ६, निलंबित ३, मयत १. म्हणजे १० वजा. यंदाची शिल्लक ६०. छापील एकूणही ६० असेल तर ओळ खरी. नसेल तर छपाईची चूक, नाहीतर सेक्रेटरीनं विवरण उशिरा पाठवलं आणि गेल्या वर्षीचेच आकडे उतरले. दोन खंडांत अगदी तेच आकडे दिसले की दुसरी शंका घ्यायची.

हे आकडे पंधरा-वीस वर्षांचे एका वहीत उतरवले की गाव बोलायला लागतं. दाखला घेऊन जाणाऱ्यांची संख्या अचानक वाढली असेल तर पश्चिमेकडे जमीन खुली झाली, किंवा रेल्वेनं गाव टाळलं आणि बाजारपेठ पाच मैलांवर सरकली. वर्गणी थकली म्हणून निलंबित झालेल्यांची संख्या वाढली असेल तर पीकपाणी आणि बँका बघा. १८७३ आणि १८९३ च्या मंदीनंतरच्या दोन-तीन वर्षांत असे उंचवटे पुष्कळ ठिकाणी सापडतात. मग चार वर्षांनी ‘पुन्हा घेतलेले’ रकाना भरतो, म्हणजे हातात पैसा आला. आपल्या विकास सोसायटीची थकबाकी यादी वाचणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. इतिहासाच्या नावाखाली मास्टरांची यादी छापून थांबणाऱ्यांनी हा तक्ता वाया घालवू नये, असं आम्हांला मनापासून वाटतं.

एक खबरदारी. १८७८ च्या खंडात आकडे बहुधा त्याआधी संपलेल्या मेसॉनिक वर्षाचे असतात. वहीत ‘खंडाचं साल’ आणि ‘आकड्यांचं साल’ वेगळं लिहा.

कालपटावर ठोकायच्या खुंट्या

गावचा लॉज बाहेरच्या घटनांनी हलतो. सगळ्यात मोठा हादरा सप्टेंबर १८२६ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावचा विल्यम मॉर्गन मेसनांचे विधी छापणार होता. त्याला पळवून नेलं आणि तो पुन्हा दिसला नाही. लोकांचा संताप इतका झाला की मेसनविरोधी पक्षच उभा राहिला आणि १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या विल्यम वर्टनं व्हरमाँट राज्य जिंकलं. ईशान्येकडच्या राज्यांत लॉजमागून लॉज बंद पडले. म्हणून न्यूयॉर्क, व्हरमाँट, पेनसिल्व्हेनियाकडच्या लॉजच्या नोंदीत १८२७ ते १८४० च्या दरम्यान पोकळी दिसली तर दप्तर हरवलं असं लगेच लिहू नका. लॉज झोपलेला असू शकतो, आणि उठल्यावर नवा क्रमांक घेतलेलाही.

१८४३ मध्ये बाल्टिमोरला अनेक राज्यांचे प्रतिनिधी जमले. त्यानंतर लॉजचं कामकाज तिसऱ्या पदवीच्या बैठकीतच करायची पद्धत सर्वत्र रुळत गेली. त्याआधीची इतिवृत्तं वाचताना कनिष्ठ पदवीचे लोकही ठरावात दिसतात, त्याचं कारण हे. पुढची खुंटी १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध. मग १९२० नंतरची दहा वर्षं, जेव्हा सभासद भरपूर होते आणि कर्ज काढून मोठाल्या इमारती बांधल्या. १९३० च्या मंदीत त्यातल्या काही हातच्या गेल्या. देशभरातली सभासदसंख्या १९५९ मध्ये ४१ लाखांच्या वर पोचली होती. आज ती १० लाखांच्या खाली आहे. विलीनीकरणांचा सपाटा या उतारावरचा आहे.

पौर्णिमेचा लॉज

हे प्रकरण आपल्या लोकांना विशेष आवडेल. खेड्यातले सभासद घोड्यावरून दहा-दहा मैल येत आणि रात्री उशिरा परतत. म्हणून बैठकीचा दिवस चंद्रावर ठरे: ‘पौर्णिमेला किंवा त्याआधी येणारा शनिवार’. अशा लॉजना तिकडे मून लॉज म्हणत. वर्तमानपत्रात नुसतं ‘नेहमीच्या बैठकीत’ असं लिहिलेलं असतं. तारीख आपण काढायची.

पंचांग हाताशी आहे म्हणून सरळ त्यातली तारीख घेऊ नका. ऑगस्ट १८७७ घ्या. त्या पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे क्षण पक्का माहीत आहे. आयोवा-मिसुरीकडे तो २३ ऑगस्ट, गुरुवार, संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. आपल्याकडे त्या वेळी २४ ऑगस्ट, शुक्रवारची पहाट झालेली होती. शनिवारी भरणारा लॉज असेल तर दोन्ही हिशेबांनी १८ ऑगस्टच येतो. पण शुक्रवारी भरणारा असेल तर आपल्या तारखेनं २४ ऑगस्ट येईल आणि तिकडच्या तारखेनं १७. पूर्ण आठवड्याची चूक! पौर्णिमेचा क्षण घ्या, तिकडच्या वेळेत बदला, मग वार शोधा. नोव्हेंबर १८८३ मध्ये तिकडच्या रेल्वेंनी ठरावीक वेळपट्टे आणले. त्याआधी गावागावाची वेळ वेगळी होती, पण तो फरक मिनिटांचा असल्यानं इथे क्वचितच आड येतो.

इमारत

सॅनबॉर्न कंपनीनं १८६७ पासून आगविम्यासाठी अमेरिकेतल्या हजारो गावांचे नकाशे काढले. ५० फूट म्हणजे एक इंच हे नेहमीचं प्रमाण. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी, लोखंडी-पत्र्याची करडी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतात. इमारतीच्या चौकटीत ‘मेसॉनिक हॉल’ आणि बाजूला ‘दुसरा’ किंवा ‘तिसरा’ असा मजला लिहिलेला असतो. अमेरिकेतला दुसरा मजला म्हणजे आपला पहिला, हे विसरलं की वर्णन एका मजल्यानं चुकतं.

लॉज वरच्या मजल्यावर का? साताऱ्याच्या मोती चौकात जशी खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं, तसा तिथे हिशेब होता. खालच्या दुकानाच्या भाड्यावर वरचं सभागृह चाले. शिवाय दार एकच आणि जिना एकच असला की टायलर नावाचा दारावरचा पहारेकरी बाहेरच्यांना अडवू शके. वरच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसल्या तर कारण बहुधा हेच. एकाच गावाचे १८८४, १८९२, १९०० असे ओळीनं नकाशे घेतले की लॉजनं घर कधी बदललं, लाकडी इमारत जाऊन विटांची कधी आली, हे दिसतं. रंग पिवळ्याचा गुलाबी झाला असेल तर त्या मधल्या वर्षांच्या वर्तमानपत्रांत आगीची बातमी शोधा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’मध्ये जुनी वर्तमानपत्रं आहेत. आगीत इतिवृत्तं जळाली हे अमेरिकन गावांत फार वेळा घडलं आहे, आणि तिथे वार्षिक अहवालांतूनच सगळं पुन्हा उभं करावं लागतं. इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत असेल तर तिचा नामांकन-अर्जही मिळतो. त्यात वास्तुरचनेचं वर्णन चांगलं असतं, लॉजचा इतिहास मात्र तपासूनच घ्यावा.

माणसं

सभासदाच्या नावापुढे तीन तारखा असतात. मिसुरीतल्या बेल्टन लॉज क्र. ४५० मध्ये एका तरुण शेतकऱ्याला ९ फेब्रुवारी १९०९ ला पहिली पदवी मिळाली, ९ मार्चला दुसरी, १८ मार्चला तिसरी. पुढे १९११ मध्ये त्यानं शेजारच्या गावात ग्रँडव्ह्यू लॉज क्र. ६१८ उभा करायला पुढाकार घेतला आणि तो त्याचा पहिला मास्टर झाला. १९४० मध्ये तो मिसुरीचा ग्रँड मास्टर झाला, आणि १९४५ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष. हॅरी ट्रूमन. त्याच्या दुसऱ्या पदवीची तारीख अमेरिकन पद्धतीनं ३/९/१९०९ अशी लिहिली जाते. आपण ती ३ सप्टेंबर वाचतो, आणि मग दुसरी पदवी तिसरीच्या नंतर आली असा उलटा क्रम दिसतो. पदव्यांचा क्रम उलटा दिसला की आधी महिना-दिवस तपासायचे.

नाव मिळालं की जनगणना बघा. फॅमिलीसर्च या फुकटच्या संकेतस्थळावर दर दहा वर्षांच्या नोंदी आहेत. १८९० ची मात्र बहुतेक सगळी १९२१ च्या आगीत आणि नंतर नष्ट झाली, म्हणून १८८० वरून थेट १९०० वर उडी मारावी लागते. ७२ वर्षांच्या नियमामुळे आज १९५० पर्यंतचीच नावं खुली आहेत. व्यवसायाचा रकाना लॉजच्या यादीशेजारी लिहून काढा: वकील किती, दुकानदार किती, शेतकरी किती, लोहार किती. गावात लॉज कोणाचा होता ते कळतं. थडग्यांसाठी फाइंड अ ग्रेव्ह हे संकेतस्थळ. आणि १८७०-८० च्या सुमाराची जाडजूड काउंटी-इतिहासाची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पुस्तकं वापरा, पण सावधपणे. त्यात चरित्र छापून यावं म्हणून घरचे लोक आगाऊ पैसे भरून प्रत घेत असत. तिथे वाईट माणूस सापडत नाही.

यादीत कोण नाही, हेही लिहायला हवं. कॅथलिक चर्चनं १७३८ पासून मेसन होण्याला बंदी घातली होती, म्हणून गावातली आयरिश नावं यादीत कमी दिसतात. त्यांच्यासाठी १८८२ पासून नाइट्स ऑफ कोलंबस होतं. स्त्रियांना लॉजमध्ये प्रवेश नव्हता. काळ्या लोकांना या लॉजची दारं बंद होती. बोस्टनच्या प्रिन्स हॉलला आणि आणखी चौदाजणांना १७७५ मध्ये एका लष्करी लॉजनं पदव्या दिल्या, १७८४ मध्ये त्यांना इंग्लंडहून आफ्रिकन लॉज क्र. ४५९ ची सनद मंजूर झाली, आणि त्यातून प्रिन्स हॉल परंपरा वाढली. तिचे ग्रँड लॉज, क्रमांक, अहवाल सगळं वेगळं. गोऱ्यांच्या ग्रँड लॉजनी त्यांना मान्यता द्यायला सुरुवात केली ती १९८९ मध्ये कनेटिकटपासून. दक्षिणेतल्या गावाचा इतिहास लिहिताना फक्त एकाच बाजूचे खंड चाळले तर गावातला दुसरा लॉज, कधी दोन गल्ल्या पलीकडचा, तुमच्या लेखी अस्तित्वातच येत नाही. त्या दप्तरासाठी त्या राज्याच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजलाच विचारायचं.

‘सगळे राष्ट्राध्यक्ष मेसन होते’ यासारखी वाक्यं टिपणात घेऊ नका. लिंकन मेसन नव्हता. कोणाचंही नाव लिहिताना लॉज, क्रमांक, तारीख या तिन्हींचा पुरावा हवा.

सेक्रेटरीला पत्र

अहवालातून जे मिळालं नाही तेवढ्यासाठीच लॉजला लिहा. आजच्या लॉजचा पत्ता राज्याच्या ग्रँड लॉजच्या संकेतस्थळावर असतो. पत्र सेक्रेटरीच्या पदाला करा. स्वतः मेसन नसाल तर ‘ब्रदर’ लिहू नका. तुम्ही सभासद आहात असा समज होतो आणि नंतर अवघडल्यासारखं होतं. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, कुठून लिहिता आणि मेसन नाही हे सांगा. मग तुम्हाला आधीच माहीत असलेलं चार ओळींत द्या: परवानगीचं साल, सनदेचं साल, पहिला मास्टर. शेवटी एकच प्रश्न. उदाहरणार्थ, १८९२ ते १८९५ ची इतिवृत्तं आहेत का, आणि इमारतीच्या खर्चाचा ठराव त्यात आहे का. पाच प्रश्न विचारले की उत्तर लांबतं, कारण सेक्रेटरी बहुधा विनामोबदला काम करणारा वयस्क माणूस असतो.

उत्तराला एक-दोन महिने धरून चाला. बैठक महिन्यातून एकदा-दोनदा, आणि अनेक लॉज जुलै-ऑगस्टमध्ये बंदच असतात. फोन करायचा ठरला तर मध्य अमेरिकेत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा असतात. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं पुढे असल्यानं साडेपाच. आयोवात सीडर रॅपिड्सला ग्रँड लॉजचं मोठं ग्रंथालय आहे, न्यूयॉर्कमध्ये लिव्हिंग्स्टन ग्रंथालय, मॅसॅच्युसेट्समध्ये लेक्झिंग्टनला स्कॉटिश राइटचं संग्रहालय आणि ग्रंथालय. शेजारच्या राज्यांचे खंडही तिथे मिळण्याची शक्यता असते.

इतिवृत्ताचं पान हाती आलं की ठरीव घाट लक्षात ठेवून वाचा: कोणत्या पदवीत बैठक उघडली, पदाधिकारी कोण, मागचं इतिवृत्त, अर्ज, चौकशी समितीचे अहवाल, मतदान, पदवीदान, बिलं, जमा, समाप्ती. पदापुढे ‘प्रो टेम’ असेल तर तो बदली माणूस. त्याला त्या वर्षीचा पदाधिकारी म्हणून यादीत घालू नका. ही चूक छापील लॉज-इतिहासांतही सापडते. मतदान पांढऱ्या गोट्या आणि काळ्या ठोकळ्यांनी होई. नाकारलेल्याचं नाव कधी असतं, कारण जवळजवळ कधीच नसतं, तेव्हा कारण स्वतः रचू नका. सगळ्यात जास्त वेळ बिलांवर घालवा. दिव्याचं तेल, सरपण, सभागृहाचं भाडं, विधवेला दिलेली मदत, शवपेटीचा खर्च: गावातले भाव आणि गावाची माया दोन्ही तिथेच लिहिलेली असतात. भाडं ऑड फेलोजना दिलेलं दिसलं तर दोघांचं सभागृह एकच होतं, आणि मग ऑड फेलोजचे खंडही बघावे लागतील.

काम हातावेगळं झालं की साल, घटना, खंड आणि पान अशा चार रकान्यांचा कालक्रम इंग्रजीत करून लॉजच्या सेक्रेटरीला आणि त्या काउंटीच्या इतिहास-मंडळाला एकेक प्रत पाठवा. महिने अक्षरांत लिहा, आकड्यांत नको. फाइलच्या नावात राज्य, लॉज, क्रमांक आणि साल याच क्रमानं ठेवा, म्हणजे दोनशे फाइली झाल्या तरी हवं ते पान सापडतं.